उंबरठा आणि रांग : ९७ पर्सेंटाइल आणि ६१ टक्के असलेल्या एका मुलीचे प्रकरण

५ मे २०२५ ला दुपारी एक वाजता बारावीचा निकाल लागला. आखाजी (अक्षय्य तृतीया) होऊन पाचच दिवस झाले होते. अमळनेर तालुक्यातल्या त्या गावात दारापुढच्या निंबाला बांधलेला झोका अजून कोणी सोडला नव्हता. मुलीचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तीस वर्षे मी याच भागात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले, त्यामुळे तिचे वडील मला ओळखत होते. निकालानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले आणि चपला काढता काढताच म्हणाले, "सर, पोर दोन दिनपासून जेवनी नही."

मग त्यांनी खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. पहिला, एप्रिलमध्ये लागलेल्या जेईई मेनच्या (अभियांत्रिकीच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेच्या) निकालाचा : ९७.२ पर्सेंटाइल. दुसरा बारावीचा : ६०० पैकी ३६८, म्हणजे ६१.३३ टक्के. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी विचारले, "तठे सत्त्यानव, आठे एकसठ. खरं कोन्तं समजू मी?"

हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत अनेक पालकांनी विचारला आहे, पण इतक्या नेमक्या शब्दांत कोणी विचारला नव्हता. या एका प्रकरणात आम्ही काय केले, कुठे वेळेवर जागे झालो आणि कुठे उशीर झाला, ते सविस्तर लिहितो. दरवर्षी मे-जूनमध्ये खान्देशातल्या कितीतरी घरांत हेच दोन कागद शेजारी शेजारी पडलेले असतात.

आधी गुण पाहा. भौतिकशास्त्र ५८, रसायनशास्त्र ५४, गणित ६१, जीवशास्त्र ६६, इंग्रजी ५५, मराठी ७४. वडिलांची सहा एकर शेती, कापूस आणि मका, एक विहीर. दहावीपर्यंत मुलगी गावातल्या मराठी शाळेत. दहावीला चांगले गुण पडले म्हणून तिला जळगावला वसतिगृहात ठेवून जेईई आणि सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासला घातले. क्लासची फी कापसाच्या दोन हंगामांतून भागवली. अकरावी-बारावीचे नाव मात्र दुसरीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात होते, जिथे ती प्रात्यक्षिकापुरती आणि परीक्षेपुरती गेली. आमच्याकडे ही पद्धत आता इतकी रुळली आहे की पालकांना त्यात काही वावगे वाटत नाही. या मुलीच्या ६१ टक्क्यांचे मूळ तिथेच होते, पण ते मला त्या दिवशी कळले नाही, महिन्याभराने कळले.

दोन वेगळ्या मोजपट्ट्या

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यायला हवे होते, कारण घरात सगळ्यांनी धरून ठेवले होते की पोरीने एका परीक्षेत ९७ टक्के मिळवले आणि दुसरीत ती एकदम ६१ वर कोसळली. मामा तर म्हणत होते की बोर्डाने पेपर नीट तपासलेच नाहीत.

मी तिचा जेईईचा तपशील मागवला. ७५ प्रश्नांपैकी तिने ५२ सोडवले होते. ३८ बरोबर, १४ चूक. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. ३८ चोक १५२, वजा १४, म्हणजे ३०० पैकी १३८. शंभरात मोजले तर ४६. पर्सेंटाइल ९७.२ याचा अर्थ एवढाच की परीक्षेला बसलेल्या दर शंभरातली सुमारे ९७ मुले तिच्याइतक्या किंवा तिच्याहून कमी गुणांवर होती. टक्केवारी तुम्हाला पेपरशी ताडून पाहते, पर्सेंटाइल तुम्हाला इतर मुलांशी ताडून पाहतो. बाजारात कापसाचे वजन क्विंटलमध्ये होते आणि प्रत धाग्याच्या लांबीवर ठरते. दोन्ही आकडे एकाच ढिगाचे असले तरी त्यांची वजाबाकी करता येत नाही. हे वडिलांना लगेच पटले. मुलीला पटायला वेळ लागला, कारण वसतिगृहातल्या मैत्रिणींना तिच्यासारखेच पर्सेंटाइल होते आणि बारावीला ८० टक्क्यांच्या पुढे होते.

म्हणजे ती अचानक कोसळली नव्हती. पण मग तिच्यासारख्याच मुलींना ८० पडले आणि तिला ६१, ते का? तो प्रश्न मी त्या दिवशी बाजूला ठेवला. त्या दिवशी तातडी वेगळी होती.

फोन

निकाल लागल्यापासून वडिलांच्या मोबाइलवर फोन सुरू झाले होते. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजासाठी मुले मिळवून देणारा एक माणूस रोज दोनदा फोन करत होता. त्याचे म्हणणे साधे होते : "६१ टक्क्यांवर सरकारी यादीत कोण घेणार? संस्था पातळीवरची सीट आत्ताच बुक करा, पन्नास हजार भरा, नंतर तेही मिळणार नाही." संस्था पातळीवरची सीट म्हणजे कॉलेज स्वतःच भरते ती जागा. वडील पैशांची जुळवाजुळव करू लागले होते. माझ्याकडे येण्याचे खरे कारण तेच होते.

दुसरा फोन सुरतचा. मुलीचे मामा उधना भागात कापडाच्या कारखान्यात आहेत. आमच्या भागातली किती घरे सुरत-भुसावळ गाडीने सुरतशी बांधलेली आहेत हे इथल्या माणसाला सांगायला नको. मामांचे म्हणणे होते की एक वर्ष गॅप घ्यायची, कोटाला पाठवायचे आणि आयआयटीच काढायची. त्यांच्या कारखान्यातल्या एकाचा मुलगा २०२१ मध्ये बारावीला ६८ टक्के असून एनआयटीत (केंद्राच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात) गेला होता, हा त्यांचा पुरावा.

पुरावा खरा होता, पण त्या वर्षापुरताच. आयआयटी आणि एनआयटीसाठी जेईईच्या क्रमांकाबरोबर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ६५), किंवा आपल्या बोर्डात आपल्या प्रवर्गाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे, ही अट आहे. कोरोनामुळे २०२०, २०२१ आणि २०२२ या तीन वर्षी ती सैल केली होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू आहे. त्या तीन वर्षांतल्या प्रवेशांच्या हकिकती अजून फिरत असतात आणि त्यांवर भरवसा ठेवून लोक आजचे निर्णय घेतात. मामांचा हेतू शुद्ध होता. भाचीसाठी ते पदरचे पैसे घालायला तयार होते. म्हणून त्यांना फोनवर हे सगळे वर्षांसकट समजावून सांगायला मी पाऊण तास दिला आणि तो वेळ कारणी लागला.

कागदाच्या दोन बाजू

त्या संध्याकाळी मुलीला घेऊन वडील पुन्हा आले. ती काही बोलत नव्हती. मी तिच्यासमोर एक कोरा कागद ठेवला, मधोमध उभी रेघ मारली आणि डावीकडे "उंबरठा", उजवीकडे "रांग" असे लिहिले. प्रत्येक प्रवेशाचे हे दोन भाग वेगळे करून लिहायचे : आत येण्यासाठी किमान किती लागते, आणि आत आलेल्यांमध्ये क्रमांक कशावर लागतो. ज्या आकड्याचा उपयोग उंबरठ्यापुरता आहे तो ओलांडला की त्याचे काम संपले. तिथे ६१ आणि ९१ सारखेच. आणि उंबरठा ओलांडता आला नाही तर रांगेत कितीही पुढचा नंबर असला तरी उपयोग नाही.

कागद भरत गेला तसे चित्र स्पष्ट झाले.

आयआयटी आणि एनआयटी. रांग जेईईच्या क्रमांकाची, तिथे ती उभी राहू शकली असती. मेनच्या गुणांवर ती अॅडव्हान्स्डलाही पात्र ठरली होती, म्हणजे आयआयटीसाठीच्या पुढच्या परीक्षेला, आणि फॉर्मही भरला होता. उंबरठा ७५ टक्के. इथे एक बारकावा आहे जो फार थोड्या पालकांना माहीत असतो. ही टक्केवारी गुणपत्रिकेवरची नसते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, ज्या भाषेत जास्त गुण आहेत ती एक भाषा आणि उरलेल्यांपैकी सर्वाधिक गुणांचा एक विषय, असे पाच विषय धरून ५०० पैकी हिशेब होतो. सहा विषयांत ४४० म्हणजे ७३.३ टक्के असलेल्या मुलाचे इंग्रजीचे ६० गुण बाजूला गेले तर उरलेले ३८० गुण ५०० पैकी ७६ टक्के होतात आणि तो आत येतो. असा मुलगा निराश होऊन घरी बसलेला मी पाहिला आहे. म्हणून हा हिशेब प्रत्येकाने कागदावर करावा. या मुलीचा केला : ५८, ५४, ६१, मराठी ७४, जीवशास्त्र ६६, बेरीज ३१३. म्हणजे ६२.६ टक्के. ३७५ ला ६२ गुण कमी. वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये बसण्याइतकेही नाहीत. हे दार बंद.

पिलानीच्या बिट्सला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांत मिळून ७५ आणि प्रत्येकात किमान ६० लागतात. बंद. वेल्लोरच्या व्हीआयटीला तीन विषयांत ६० टक्के लागतात. तिचे ३०० पैकी १७३, म्हणजे ५७.६७. सात गुणांनी बंद. तशीही तिने त्या परीक्षा दिल्या नव्हत्या.

पुण्याच्या आयसरसारख्या विज्ञान संशोधनाच्या संस्थांची आयएटी ही वेगळी परीक्षा असते आणि बारावीला ६० टक्के लागतात. हा उंबरठा ती ओलांडत होती. पण त्या परीक्षेच्या अर्जाची मुदत बारावीच्या निकालाआधीच संपलेली असते. क्लासमध्ये कोणी सांगितले नव्हते, घरी कोणाला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता. मुलीला भौतिकशास्त्राची खरी आवड आहे हे तिच्याशी बोलताना कळत होते, त्यामुळे हे दार असे हुकले याची मला सगळ्यात जास्त रुखरुख लागली. अजूनही आहे.

राहिली राज्याची सीईटी. अभियांत्रिकीसाठी रांग पूर्णपणे सीईटीच्या किंवा जेईईच्या पर्सेंटाइलची. उंबरठा बारावीला भौतिकशास्त्र, गणित आणि रसायनशास्त्रासारखा एक विषय मिळून ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गातल्या उमेदवारांना ४०. मुलगी कुणबी, ओबीसी. तिला ४० लागत होते, होते ५७.६७. बारावीचे गुण तिथे डोकावतात ते दोन उमेदवारांचे पर्सेंटाइल तंतोतंत सारखे आले तर, आणि तेही आधी सीईटीतल्या विषयांचे पर्सेंटाइल पाहून झाल्यावर.

मुलीने कागद स्वतःकडे ओढला आणि त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या. त्या रात्री ती जेवली, असा वडिलांचा दुसऱ्या दिवशी फोन आला.

इथे थोडे मागे जाऊन सांगतो. हीच मुलगी दहा वर्षे आधी जन्मली असती तर हा कागद वेगळा निघाला असता. २०१३ ते २०१६ या काळात एनआयटीच्या गुणवत्ता यादीत जेईईला ६० टक्के आणि बारावीला ४० टक्के वजन होते. आपल्या राज्याने २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश जेईई ५० आणि बारावी ५० या सूत्राने केले आणि २०१६ पासून पुन्हा सीईटीवर आले. त्या दोन वर्षांत बारावीचे गुण थेट रांगेत उभे होते. माझ्या वर्गातल्या मुलांनी तेव्हा जर्नल आणि वह्या मनापासून लिहिल्या, हे मी पाहिले आहे. सूत्र बदलले आणि वर्षा-दोन वर्षांत वर्ग रिकामे होऊ लागले. नियम कोणता चांगला यावर वाद होऊ शकतो. पण बारावीचे गुण उंबरठ्यापुरते उरल्यावर बारावीचे शिक्षणही उंबरठ्यापुरतेच उरले, हे मात्र माझ्या डोळ्यांदेखत झाले.

पन्नास हजार आणि एक शासन निर्णय

फोनवाल्या माणसाचे काय करायचे, हे एका शासन निर्णयाने ठरवले. ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन पूर्ण भरते. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. संस्था पातळीवरच्या जागेला ही सवलत नाही. म्हणजे ती सीट बुक करून वडील पन्नास हजार तर घालवणार होतेच, शिवाय चार वर्षांची फीही स्वतःच्या डोक्यावर घेणार होते. ज्या घराला ही माहिती सगळ्यात जास्त लागते त्या घरात फोन आधी येतो आणि शासन निर्णय नंतर पोहोचतो, हे मला फार लागते.

मग कागदपत्रे. जातीचा दाखला होता. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच करायला हवा होता, तो केला होता, एवढे त्या कनिष्ठ महाविद्यालयाचे श्रेय. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला मात्र ३१ मार्चला संपला होता. तहसील कार्यालयात निकालानंतर गर्दी उसळते, म्हणून दुसऱ्याच दिवशी सेतूत अर्ज टाकायला लावला. ज्यांना एनआयटीचा मार्ग खुला आहे त्यांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. आमच्या प्रकरणात त्याची गरज उरली नव्हती.

आठशे रुपयांच्या दोन छायाप्रती

मामांचा बोर्डावरचा संशय अजून गेला नव्हता. आणि मला स्वतःला तो बाजूला ठेवलेला प्रश्न सतावत होता. म्हणून नाशिक विभागीय मंडळाकडे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवल्या. एका विषयाला चारशे रुपये. पुनर्मूल्यांकन करायचे असेल तरी आधी छायाप्रत घ्यावी लागते.

प्रती आल्या तेव्हा मी आणि ती, दोघे माझ्या ओट्यावर बसून ओळ न् ओळ वाचत गेलो. तीस वर्षे पेपर तपासल्यामुळे मला पान उलटले की साधारण अंदाज येतो. तिसऱ्या पानावरच आला.

बारावी भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, प्रात्यक्षिक ३०. तिला प्रात्यक्षिकात २८ होते, म्हणजे लेखीत ७० पैकी ३०. त्या ७० मध्ये १० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न आणि ८ गुणांचे अतिलघुत्तरी प्रश्न असतात. बहुपर्यायीत १० पैकी १०. अतिलघुत्तरीत ७. म्हणजे १८ पैकी १७. मग उरलेल्या ५२ गुणांच्या दोन, तीन आणि चार गुणांच्या प्रश्नांत तिला मिळाले होते १३.

पोटेन्शिओमीटरने दोन विद्युतघटांची तुलना करा असा प्रश्न. तिने लिहिले होते सूत्राची एकच ओळ. आकृती नाही, जोडणी नाही, दोन्ही वेळची संतुलन लांबी कशी काढली ते नाही. सूत्र बरोबर. परीक्षकाने तीनपैकी एक दिला होता. मी असतो तर मीही एकच दिला असता. पुढच्या गणितात उत्तराचा आकडा बरोबर, मधल्या पायऱ्या गायब, एकक लिहिलेले नाही. रसायनशास्त्रात अभिक्रियांचे बाण होते, पण बाणावर उत्प्रेरक आणि तापमान नव्हते. चार गुणांच्या प्रश्नांची शेवटची दोन पाने कोरी होती.

"वेळ संपला?" मी विचारले.

"हो सर. उत्तर माहीत होतं, वाक्य सुचत नव्हतं."

थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "दोन वर्षांत मी एवढं सलग कधी लिहिलंच नव्हतं."

तिने दोन वर्षे पर्याय निवडले होते. क्लासच्या दर आठवड्याच्या चाचण्या गोळे रंगवायच्या किंवा संगणकावरच्या. वही होती ती कच्च्या आकडेमोडीची. त्यात भाषेची भर. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि विज्ञान शाखेचे उत्तर इंग्रजीतून लिहायचे. पर्याय वाचायला लागणारे इंग्रजी तिच्याकडे होते, परिच्छेद लिहायला लागणारे नव्हते. जळगावात तिच्याबरोबर राहणाऱ्या ज्या मुलींना ८० पडले त्यातल्या बहुतेक इंग्रजी शाळेतून आलेल्या होत्या. मराठीत तिला ७४ आहेत, इंग्रजीत ५५, हे तर गुणपत्रिकेवरच लिहिलेले होते. आम्ही कोणी त्या दोन आकड्यांकडे नीट पाहिले नव्हते.

पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला नाही. गुण बरोबर दिले होते. मामांना तिनेच फोन करून सांगितले.

गुणसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देण्याचा पर्यायही बोलून पाहिला. सगळे विषय घेऊन पुन्हा बसायचे, पाच विषयांत ६२ गुण वाढवायचे आणि शिवाय जेईईचा क्रमांक पुन्हा मिळवायचा. बारावीच्या वर्षासकट जेईई मेन लागोपाठ तीन वर्षे आणि अॅडव्हान्स्ड लागोपाठ दोन वर्षांत दोनदा देता येते, त्यामुळे नियमाने मार्ग खुला होता. ज्याला पाच-दहा गुण कमी पडले आहेत आणि रँक उत्तम आहे त्याला मी हा मार्ग सुचवतो. इथे सुचवला नाही. लिहिण्याची सवय नसलेल्या मुलीला पुन्हा वर्षभर गोळे रंगवायच्या वर्गात पाठवणे मला योग्य वाटले नाही. ती स्वतःही तयार नव्हती.

आणखी एक आकडा मी तिला दाखवला. नोकरीसाठी कॉलेजात येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी तिन्हीकडे ६० टक्के मागतात. तिला ३६८ होते, ३६० ला ६० टक्के. आठ गुणांच्या फरकाने ती त्या रेषेच्या वर होती. चार वर्षांनी ज्याची गरज पडेल तो उंबरठा तिने नकळत ओलांडला होता. बारावीच्या गुणांचा उपयोग प्रवेशापाशी संपतो असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पसंतीक्रम

जूनच्या मध्यावर सीईटीचा निकाल आला, ९७.६ पर्सेंटाइल. आता रांग.

माझ्या मनात पुण्याची सीओईपी होती. १८५४ पासूनची अभियांत्रिकीची संस्था, तिचे नाव खान्देशातल्या माझ्या पिढीला मंत्रासारखे. कॉम्प्युटरचा कटऑफ ९९ च्या पुढे, तो विषयच नव्हता, पण मागच्या वर्षीच्या ओबीसी मुलींच्या यादीत सिव्हिल किंवा धातुशास्त्राकडे थोडी शक्यता दिसत होती. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ चे. तिथे कॉम्प्युटर मिळण्याची शक्यता चांगली होती.

आम्ही दोघांनी यावर वाद घातला. मी संस्थेच्या बाजूने, ती शाखेच्या बाजूने. तिचा मुद्दा असा की गेल्या दोन वर्षांत दुसऱ्यांनी ठरवलेल्या जागी ती राहिली, आता निदान जे शिकायचे ते तिचे असावे. आणि अमळनेरहून जळगाव गाडीने तासाभराचा रस्ता, आई आजारी असते, शनिवार-रविवारी घरी येता येईल. आईच्या आजाराचे मला तोवर माहीतच नव्हते. मी वाद सोडला.

२०२५-२६ ला कॅपच्या फेऱ्या तीनऐवजी चार झाल्या आणि जागा आपोआप निश्चित होण्याचे नियमही बदलले. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही, की तीच जागा घ्यावी लागते. म्हणजे "वर टाकून ठेवू, बघू" असे करून चालत नाही. वरच्या सहा पसंती म्हणजे मिळाल्या तर खरोखर घ्यायच्या अशाच सहा जागा लिहायच्या. तिने सुरुवातीला मैत्रिणीची यादी पाहून एक लांबचे कॉलेज तिसऱ्या क्रमांकावर टाकले होते. "मिळालं तर जाशील?" विचारल्यावर तिने ते खोडले. एकूण ३४ पसंती भरल्या. दुसऱ्या फेरीत जळगावचे कॉम्प्युटर मिळाले. तिची ती दुसरी पसंती होती, त्यामुळे जागा तिथेच निश्चित झाली. पहिल्या पसंतीला तिने माझ्या समाधानासाठी सीओईपी ठेवली होती, हे तिने मला नंतर सांगितले.

वर्ग सुरू होईपर्यंत मधे काही आठवडे होते. अभियांत्रिकीच्या सत्र परीक्षा पुन्हा लेखी असतात, पुन्हा पायऱ्या, आकृत्या, वाक्ये. बारावीत जिथे अडले तिथेच पहिल्या वर्षी अडणार, हे उत्तरपत्रिकेत स्पष्ट दिसत होते. म्हणून रोज एक प्रश्न, घड्याळ लावून, हाताने, इंग्रजीतून पूर्ण उत्तर लिहायचे आणि मला मोबाइलवर फोटो पाठवायचा, असे ठरले. पहिले उत्तर पोटेन्शिओमीटरचेच. तिसऱ्या प्रयत्नात ते परीक्षेला शोभेल असे झाले. सुरुवातीला एका पानाला पंचवीस मिनिटे लागत, शेवटी शेवटी बारा. वाक्ये अजूनही आखूड असतात, पण पूर्ण असतात.

पहिल्या सत्रात तिचे सगळे विषय सुटले. भौतिकशास्त्राला वर्गात पुढच्या मुलांत होती. गणितात काठावर वाचली, तिथे मेहनत चालू आहे.

परवा वडिलांचा पुन्हा फोन आला. धाकटा आता दहावीला आहे. "सर, धाकलाले कोठे टाकू आते?" त्याच क्लासची पत्रिका घरी आली होती, ताईच्या ९७ पर्सेंटाइलसकट तिचा फोटोही त्यावर होता. मी त्यांना सांगितले की क्लास कोणता ते नंतर पाहू. आधी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात त्याचे नाव घालणार तिथे जाऊन या, प्रयोगशाळेला कुलूप आहे का ते पाहा, आणि मागच्या वर्षीच्या मुलांची भौतिकशास्त्राची एक वही मागून घ्या. ते सोमवारी जाणार आहेत. मुलगी रविवारी घरी येते, तर बाबांबरोबर मीच जाते म्हणाली.